बेगिमाय : हजर

१२ जुलै

दोन वर्षांपूर्वी मी एक खोटी नोंद केली. आज त्या नोंदीने एका मुलीच्या ताटातला घास काढून घेतला. हे बोलून दाखवावं असं माणूस गावात मला नाही, कारण इथे सगळ्यांना शिस्त लावणारी मुख्याध्यापिका मीच. म्हणून लिहायला बसले आहे.

दुपारी मी शाळेच्या खिडक्यांच्या चौकटी रंगवत होते. यंदा माझ्या शाळेतून अकरावी संपवलेली सिर्गा टेकडीवरून पळत आली. फोनला रेंज तिथेच मिळते. लांबूनच ओरडली, "सुयुंचू, बाई, सुयुंचू!" आनंदाची बातमी आणणाऱ्याने आधी बक्षीस मागायचं आणि मगच तोंड उघडायचं, ही आमची रीत. मला वाटलं, हिचीच जागा लागली. मी डोक्याचा रेशमी रुमाल सोडला आणि तिच्या हातात दिला.

"तुमच्या बेगिमायला मिळालं, बाई! वैद्यकीयला! डोंगरी शाळांच्या जागांतली शेवटची!"

"आणि तू?"

"मी तिच्या लगेच खाली. तेरा गुणांनी." धापा टाकत ती हसली. "जवळ होते की नाही, बाई? शहरातल्या मुलीच्या इतकी जवळ!"

रुमाल गळ्याभोवती गुंडाळून ती आईला सांगायला गेली. ब्रशमधला रंग माझ्या बुटावर ठिबकत होता, तो मला बऱ्याच वेळाने दिसला.

सरकारी, बिनफीच्या जागा चार वाट्यांत विभागलेल्या असतात: राजधानीच्या मुलांसाठी वेगळ्या, मोठ्या गावांसाठी वेगळ्या, खेड्यांसाठी वेगळ्या आणि आमच्यासारख्या उंचावरच्या शाळांसाठी वेगळ्या. मुलाने आपल्या वाट्यातल्या मुलांशीच झुंजायचं. जिथे मे महिन्यापर्यंत शेगडी पेटवावी लागते आणि रसायनशास्त्राला तीन वर्षं शिक्षक नाही, तिथल्या मुलीला राजधानीतल्या, बिश्केकच्या शिकवणीवाल्या मुलीशी लढवणं अन्याय आहे, म्हणून हा नियम. चांगला नियम आहे. मी स्वतः सभांमधून त्याची बाजू मांडली आहे.

बेगिमाय माझ्या भाच्याची, एर्मेकची मुलगी. ती बिश्केकला जन्मली, बिश्केकलाच वाढली. कागदावर मात्र गेली दोन वर्षं ती माझ्या शाळेत शिकते आहे. प्रत्यक्षात इथे एकूण अकरा दिवस आली.

१४ जुलै

दोन वर्षांपूर्वी एर्मेक आला होता तो दिवस आठवतो आहे. भाऊ गेल्यावर तो माझ्याच घरी वाढला, त्यामुळे माझ्याशी बोलताना त्याला शब्द जुळवावे लागत नाहीत.

"आत्या, पोरीला दहावीपासून तुझ्या शाळेत घाल."

"ती इथे राहील?"

"राहायचं कशाला? नाव राहील. तिकडच्या वाट्यात दोनशेच्या वर गुण लागतात. कुठून आणायचे? आम्ही काय मंत्र्यांच्या घरचे आहोत? खरे श्रीमंत पोरांना परदेशी पाठवतात. आपण मधले. मधल्यांना कोणीच विचारत नाही."

"तीन शिकवण्या लावल्या आहेस ना तिला?"

"तीनच! आमच्या इमारतीतल्या पोरांना पाच-पाच आहेत."

मी त्याला चहा दिला आणि सही केली. नातेवाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही, हे माझ्या अंगात इतकं मुरलं आहे की सही करताना मला आपण काही देतो आहोत असंच वाटलं. ते आपलं नव्हतं, हे तेव्हा सुचलं नाही.

खरं लिहायचं ठरवलं आहे, तर हेही लिहिते. रोजची हजेरी वर्गाची मॉनिटर घेते. मॉनिटर सिर्गा होती. पहिल्या दिवशी बेगिमायच्या नावापुढे तिने कोरं सोडलं. मी म्हणाले, "तिथे हजर लिही." तिने लिहिलं. नंतर दोन वर्षं मला पुन्हा सांगावं लागलं नाही.

फेब्रुवारीत बर्फातून निरीक्षक आले. त्यांनी विचारलं, ही बेगिमाय कुठे आहे? माझ्या आधी सिर्गा उभी राहिली. "गालफुगी झालीय, सर. बाईंनी घरी पाठवलं." सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. निरीक्षक गेल्यावर मी तिला शाबासकी दिली. तेव्हा मला तिचा अभिमान वाटला होता.

१५ जुलै

परीक्षेच्या दाखल्याला तीन चिठ्ठ्या असतात. एकेका फेरीत एकेक फाडून द्यायची. सिर्गाच्या दोन संपल्या, दोन्ही वैद्यकीयला दिल्या होत्या. तिसरी फेरी दोन ऑगस्टला बंद होते. त्या फेरीत उरल्यासुरल्या किंवा कोणी सोडलेल्या जागा भरतात. वैद्यकीयची एकही उरलेली नाही.

म्हणजे बेगिमायने सोडल्याशिवाय नाही.

१९ जुलै

एर्मेकने मेजवानी गावातच ठेवली. "गावची मुलगी डॉक्टर होणार, तर गावातच जेवण हवं." दोन गाड्या भरून पाहुणे आले. दोन मेंढे कापले. माझ्यासाठी फरची कॉलर असलेला कोट आणला, भर जुलैत. सगळ्यांसमोर तो माझ्या खांद्यांवर घातला आणि मी घामाघूम होऊन बसून राहिले.

सिर्गाची आई अनारकुल आमच्या शाळेची शिपाई. ती सकाळपासून पाटाच्या पाण्यात आतडी धूत होती. सिर्गा तांब्या आणि टॉवेल घेऊन पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालत फिरत होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. आमच्या घरी कार्य असलं की या दोघी येतात, ते धरलेलंच असतं.

जेवणाआधी बेगिमाय बोलायला उभी राहिली. चांगली मुलगी आहे, नम्र आहे. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "मी डोंगरातल्या शाळेची मुलगी. आम्हाला शहरासारख्या सोयी नव्हत्या. तरी आम्ही हरलो नाही." ती खोटं बोलत नव्हती. तिला ते खरंच वाटत होतं. दोन वर्षं कागदावर जे लिहिलं जातं, ते माणूस हळूहळू स्वतःबद्दल मानू लागतं.

म्हातारा असनकुल कोपऱ्यातून म्हणाला, "शाब्बास, पोरी! आता एवढंच सांग, आपल्या शाळेची शेगडी कुठल्या भिंतीला आहे?"

सगळे हसले. बेगिमायही हसली, तिला ती थट्टा वाटली. एर्मेक सगळ्यांत मोठ्याने हसला आणि त्याने शेपटीच्या चरबीचा मोठा तुकडा उचलून असनकुलच्या ताटात टाकला. "खा, आजोबा. तोंड रिकामं राहिलं की प्रश्न सुचतात."

म्हाताऱ्याने खाल्ला.

मांस मानाप्रमाणे वाटतात. माझ्यापुढे बायकांमधला सर्वांत मानाचा तुकडा आला. दरवेळी येतो. मी तो कापून वाटून टाकला, स्वतः एक घासही घेतला नाही. बायकांना वाटलं, बाईंचं मन मोठं.

हात धुताना बेगिमायने सिर्गाला विचारलं, "तुझं काय झालं?"

"माझं? मी राहिले मागे."

"अगं, पुढच्या वर्षी नक्की होईल. माझ्या शिकवणीच्या वह्या देते तुला, सगळ्या."

"द्या," सिर्गा म्हणाली. एकाच वर्गातल्या, एकाच वयाच्या दोघी. एक 'तू' म्हणते, दुसरी 'द्या' म्हणते. हे सिर्गाला मी शिकवलेलं नाही.

२० जुलै

अनारकुल कढया घासायला आली. मी म्हणाले, "सिर्गाचं वाईट झालं."

"वाईट काय, बाई? पाहून तरी आली कुठवर हात पुरतो ते." राख लावून ती घासतच राहिली. "आमच्यात कधी कोण डॉक्टर झालंय? मीच तिला म्हणत होते, उगीच वर बघत चालू नको, मान दुखेल. तुमच्या घरचं वेगळं. माझी आई सांगायची ना, झूरा अभ्यासाला जन्मली, आपण दुधाला."

झूरा म्हणजे मी; तिची आई बात्मा माझ्या वर्गात होती. तेव्हा सामूहिक शेतीच्या नावाने राजधानीच्या कॉलेजात दरवर्षी एक जागा यायची, कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी. आमच्या वर्षी मी गेले. बात्माचं गणित माझ्यापेक्षा चांगलं होतं, हे खरं आहे. पण तिच्या घरी दूध काढायला दुसरं कोणी नव्हतं. माझे वडील तेव्हा शेतीचे अध्यक्ष होते. ते स्वतः त्यांच्या घरी गेले आणि फार समजुतीने बोलले. बात्माच्या वडिलांनी चहा दिला, वाद घातला नाही. शिवाय मी जागेचं सोनं केलं. चाळीस वर्षं शिकवलं. माझी गोष्ट वेगळी होती.

दर सप्टेंबरला मी मुलांना सांगते, आपण सगळे इथे मेंढपाळांची लेकरं, जो अभ्यास करेल तो वर जाईल. यंदा हे कोणत्या तोंडाने सांगायचं, याचा विचार करते आहे.

२३ जुलै

सिर्गा निरोप घ्यायला आली. पाच ऑगस्टला मावसबहिणीबरोबर बिश्केकला शिवणकामाच्या कारखान्यात जाणार.

"तिसरी चिठ्ठी आहे ना तुझ्याकडे?"

"आहे. वनीकरणाची एक जागा उरलीय म्हणे. पण ते दादांनाही नको. ते म्हणतात, झाडं मोजायला शिकायचं कशाला, ती कुठे पळून जातात?" वडिलांना ती दादा म्हणते. ते वर उन्हाळी कुरणावर आहेत.

"पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दे."

"बाई, शिलाई मशीनवर बसलेली मुलगी परत परीक्षेला बसल्याचं तुम्ही कधी पाहिलंत?"

पाहिलं नाही. 

"आणि खरं म्हणजे माझी तेवढी कुवतच नसेल. तेरा गुण म्हणजे काही थोडे नाहीत."

हे ऐकल्यावर मला राहवलं नाही. मी ओरडले. आयुष्यभर मुलांवर ओरडत आले, पण असं कधी नाही. "कुवत! तुझ्या आणि जागेच्या मध्ये बेगिमाय एकटीच, कळतं का तुला? डोंगरातल्या खऱ्या मुलांमधून शेवटची जागा तुझी होती! तू स्वतः दोन वर्षं तिच्या नावापुढे हजर लिहीत होतीस, तरी कळत नाही?"

सिर्गा खाली बघत म्हणाली, "कळतं, बाई. मीच लिहायचे की."

"मग तेव्हा वाटलं नाही, हे चुकीचं आहे म्हणून?"

तिने खरंच विचार केला. वर्गात करायची तसा, ओठ आत घेऊन. "नाही. मला वाटायचं, तुमच्यासारख्या घरच्या मुलांना दोन ठिकाणी हजर राहता येतं. आम्ही एका ठिकाणीसुद्धा लेकरं सांभाळून, शेण गोळा करून यायचो. म्हणून तुम्ही म्हणालात तर लिहिलं."

मग म्हणाली, "तुमचा रुमाल परत देऊ का? बातमी तुमच्या आनंदाची नव्हती वाटतं."

मी म्हणाले, ठेव. 

२४ जुलै

दोन हजेरीपट समोर ठेवून बसले. कार्यालयात नेऊन द्यायचे, असं ठरवलं. पण त्यांत सगळीकडे सिर्गाचं अक्षर. चौकशी झाली तर आधी तीच अडकेल. म्हणून कोरा हजेरीपट काढला आणि सगळं माझ्या हाताने पुन्हा लिहायला घेतलं. सप्टेंबर, ऑक्टोबर झाले. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात थांबले. खोटं उघड करण्यासाठी मी आणखी एक खोटं तयार करत होते, आणि तेही व्यवस्थित, रेघा आखून.

ती पानं शेगडीत घातली.

२६ जुलै

टेकडीवर जाऊन एर्मेकला फोन केला. म्हणाले, बेगिमायने जागा सोडावी. नाहीतर मी लिहून देणार.

आधी त्याला ती थट्टा वाटली. मग तो ओरडू लागला.

"आत्या, तुझं वय झालं म्हणून असं होतंय का? सगळे करतात!"

"सगळ्यांच्या कागदांवर माझी सही नाही."

"आणि ते हजेरीपट कोणाच्या अक्षरात आहेत, माहीत आहे ना? तुझ्या त्या मेंढपाळाच्या पोरीच्या! आधी तिलाच बोलावतील."

"माहीत आहे."

मग तो नरमला. "बरं, मला सांग, त्या पोरीला जागा मिळाली, तरी ती तिथे टिकेल? कुठे राहील, काय खाईल? हे काय आपल्यासारख्यांचं शिक्षण आहे?"

"परवापर्यंत तू म्हणत होतास, आपण मधले."

 मग म्हणाला, "ठीक. तुला नाव काळं करायचं असेल तर कर. मी फी भरतो. त्याच कॉलेजात फीच्या जागा रिकाम्या आहेत. दोन दिवसांचं काम आहे."

 "मग दोन वर्षांपूर्वीच का नाही भरलीस?"

"फुकट मिळत असताना कोण भरतं, आत्या?" त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

बेगिमाय शेजारी असावी. तिने फोन घेतला. रडत होती. "आजी, मी अभ्यास केला होता गं. रात्र-रात्र केला होता. तो पण खोटा का?"

मी म्हणाले, अभ्यास खरा होता, ठिकाण खोटं होतं. तिला पटलं की नाही, कळायच्या आत रेंज गेली.

२९ जुलै

अनारकुलच्या घरी गेले. इतक्या वर्षांत मी त्या घरात मयताला आणि बारशाला सोडून कधी गेले नाही. त्यांनी मला दारासमोरच्या, मानाच्या जागी बसवलं. कणकेचे बोरसोक ताजे तळले. मी नको म्हणाले तरी तळले.

सगळं सांगितलं. अनारकुल घाबरली. "बाई, राहू द्या हो. तुमची नोकरी जाईल, पेन्शनचं काही होईल. एर्मेक मोठा माणूस आहे. आमच्यामुळे तुमच्या घरात भांडण कशाला? उद्या गाव आम्हालाच म्हणेल, ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्यावर उलटले."

"तू माझं काय खाल्लंस? पगार शाळा देते."

"तसं नाही हो," ती म्हणाली आणि बोरसोकची थाळी माझ्यापुढे सरकवली.

मी सिर्गाकडे वळून म्हणाले: मी लिहिणार आहे की हजेरी तुझ्या अक्षरात आहे, पण हुकूम माझा होता. वय लहान, सांगितलं ते केलं. चालेल?

"नाही," सिर्गा म्हणाली.

अनारकुलने तिला कोपर मारलं.

"हुकूम तुमचा, हे लिहा. पण सांगितलं ते केलं, असं नको. गालफुगी मी स्वतःच्या डोक्याने सांगितली होती. माझं मी लिहीन."

"तुझ्या विरुद्ध जाईल ते."

"जाऊ दे. नाहीतर जागा पण तुम्हीच दिली असं होईल."

मला राग आला. मग लक्षात आलं, राग यायचं कारण काय ते. मी घराबाहेर पडले तेव्हा अनारकुल मागून म्हणत होती, "बाईंशी असं बोलतात का गं?"

१ ऑगस्ट

सकाळच्या गाडीने नारीनला, जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयात गेलो, मी आणि सिर्गा. सिर्गाने आईचे बूट घातले होते, एक माप मोठे.  घाटात मला मळमळलं तेव्हा तिने वाळवलेलं दही काढून दिलं.

कार्यालयातली अधिकारी तरुण होती. कागद वाचून तिने दार लावून घेतलं. "बाई, घरी परत न्या हे. मी पाहिलंच नाही समजा. तुमचं नाव जिल्ह्यात एवढं मोठं, निवृत्तीला एक वर्ष राहिलं. शाळेचंच नाव जाईल."

"पावती करा," मी म्हणाले.

"चौकशी होईल. तुम्हाला उद्यापासून कामावर येता येणार नाही."

"पावती."

तिने बिश्केकला फोन लावला. बराच वेळ बोलली. बेगिमायच्या वडिलांनी काल संध्याकाळीच जागा सोडल्याचं पत्र दिलं होतं आणि आज सकाळी फी भरली होती. ती त्याच कॉलेजात जाणार, त्याच वर्गात. सुटलेली जागा तिसऱ्या फेरीत आली आहे. डोंगरी वाट्यात सिर्गाहून वर गुण असलेलं आणि जागा न मिळालेलं कोणी आता उरलेलं नाही. निकाल सहा तारखेला. चौकशीमुळे सिर्गाला काही होईल का, यावर अधिकारी म्हणाली, "अल्पवयीन होती. बहुधा ताकीद देतील. वचन देत नाही."

मग तिने मला विचारलं, "जबाबात आणखी काही जोडायचं आहे? पूर्वीचं काही?"

मला बात्माचं गणित आठवलं. म्हणाले, "नाही."

आज दिलं ते असं:

दहावी आणि अकरावीचे हजेरीपट, दोन. पानं फाटलेली नाहीत, खाडाखोड नाही.

बेगिमायच्या प्रवेशाचा आदेश, माझ्या सहीचा, एक.

माझा जबाब, तीन पानं.

सिर्गाचा जबाब, अर्धं पान. मी वाचला नाही.

शाळेचा शिक्का. किल्ल्या अनारकुलकडे आहेत, तशी नोंद करून घेतली.

सिर्गाची तिसरी चिठ्ठी, वैद्यकीयसाठी. मी घेऊन देते म्हणून हात पुढे केला होता. ती म्हणाली, "राहू द्या, बाई," आणि तिने ती स्वतः दिली.